औत कुणाच्या हाती, उतारा कुणाच्या नावावर?

बालाघाटची

शेजारच्या 'आदिमानव आणि चूल' धाग्यावर बाईचं काम कोणतं आणि गड्याचं कोणतं यावरून जी जुंपलीय ती वाचून हा वेगळा धागा काढतेय. तिकडं मंडळी गुहेतून निघतात आणि थेट पुण्याच्या आयटी पार्कात उतरतात. मधल्या दोन हजार वर्षांत कोण राबत होतं, कुणाचं पोट कुणाच्या जिवावर चालत होतं, याचं कुणाला काही पडलेलं नाही. मी बीड जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. जगाचं नंतर बघू, आधी आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपुरतं बोलूया.

माझं म्हणणं असं. बाईनं कोणतं काम करायचं आणि गड्यानं कोणतं, ही वाटणी आपल्याकडं कधीच कायमची नव्हती. दुष्काळ पडला, लढा पेटला, पीक बदललं, साखर कारखाना निघाला की ती बदलली, आणि फार खळखळ न होता बदलली. बदलला नाही तो त्या कामाचा हिशेब. तो ज्याच्या नावानं मांडला जायचा त्याच्याच नावानं राहिला. पोरीचं लग्न कधी होणार, जमीन कुणाला मिळणार, घरात शब्द कुणाचा चालणार, हे सगळं त्या हिशेबावरून ठरतं.

ऊसतोडीचं घ्या. दिवाळीच्या आगेमागे आमच्याकडची गावं रिकामी होतात, माणसं परतायला मार्च-एप्रिल उजाडतो. टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडप्याला, नवरा-बायको मिळून एक कोयता. गडी ऊस तोडतो, बाई वाढं काढते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. कितीक जणी तोडतातसुद्धा. पहाटे उठून भाकरी थापणं आणि लेकरू पाचटावर निजवणं वेगळंच. उचल घेताना अंगठा मात्र नवऱ्याचा. एकट्या बाईला उचल द्यायला मुकादम सहजी तयार होत नाही, आणि बिनलग्नाचा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. माझ्या शाळेतून गळालेल्या पोरींची लग्नं हंगामाच्या तोंडावर का उरकतात, याचं उत्तर रूढी-परंपरेत शोधण्याआधी या हिशेबात शोधा.

२०१९ साली पिशवी काढलेल्या बायकांची बातमी देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी जी पाहणी झाली, तीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. खाडा झाला की दंड, आणि पाळीचा त्रास म्हणजे खाडा. दुसरीकडं २०११ च्या जनगणनेत याच बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली, राज्यात सगळ्यात कमी. ज्या जिल्ह्यात बाईशिवाय कोयता पुरा होत नाही, त्याच जिल्ह्यात मुलगी नको. नुसता 'हुंडा' म्हणून हे कोडं सुटत नाही. बोला.

पैठणकर

ताई, मुद्दा पटला, पण सुरुवात मागून करा की. आमचं पैठण सातवाहनांची राजधानी होतं तेव्हा राजे आईचं नाव लावत. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. म्हणजे इथं मातृसत्ता होती. पुढं परकी आक्रमणं आली आणि बायका घरात कोंडल्या गेल्या. इतकं साधं आहे.

शिलालेखवाला

पैठणकर, इतकं साधं असतं तर बरं झालं असतं.

आईचं नाव लावलं म्हणून आईची सत्ता होत नाही. सातवाहनांची गादी बापाकडून मुलाकडंच जाते. गौतमी, वासिष्ठी ही नावं आईच्या गोत्रावरून आलेली आहेत. राजाला राण्या अनेक, त्यात हा कुणाच्या पोटचा आणि कोणत्या घराण्याचा भाचा, हे नावातून कळायचं, असं एक सरळ स्पष्टीकरण दिलं जातं. आणि ही रीत राजांपुरती नव्हती. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यात मगिल नावाच्या राजवैद्याचं दान कोरलंय, तोही स्वतःला 'वच्छीपुत्र' म्हणवतो. मला त्याच्यापेक्षा त्याच्या मुलीचं जास्त अप्रूप वाटतं. तिच्या दानाची नोंद वेगळी आहे. म्हणजे दान देण्याइतकं काहीतरी तिच्या हातात होतं आणि ते तिच्या नावानं दगडावर गेलं. बालाघाटची ताई ज्या हिशेबाबद्दल बोलतायत त्यातली ही फार जुनी ओळ समजा. पश्चिम घाटातल्या लेण्यांत भिक्षुणींची, गृहिणींची अशी दानं बरीच सापडतात.

पण वर राजवाड्यात बघितलं तर चित्र वेगळं. नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, यज्ञ आणि गाईंच्या दक्षिणा यांनी भरलेला. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा. नातवाच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी ती लेणं दान देते आणि स्वतःची ओळख सांगते ती महाराजाची आई आणि महाराजाची आजी अशी. मुलगा तोवर गेलेला. सत्तेतली बाई आपल्या इतिहासात बहुतेक वेळा अशीच दिसते, नवरा किंवा मुलगा गेल्यावर उरलेल्या जागेत. अहिल्याबाई होळकरांचंच बघा. त्यांचं चौंडी आपल्या हद्दीला लागूनच. नवरा १७५४ ला गेला, सासरा १७६६ ला, मुलगा १७६७ ला, आणि मग अठ्ठावीस वर्षं त्यांनी असा कारभार केला की वेरूळचं घृष्णेश्वर आजही त्यांचं नाव सांगतं. पण जागा रिकामी व्हायला घरातली तीन माणसं जावी लागली.

परक्या आक्रमणाचं म्हणाल तर खिलजीची फौज देवगिरीवर आली १२९६ ला. बाईनं बापाच्या, नवऱ्याच्या, मुलाच्या ताब्यात राहावं हे स्मृतिकारांनी त्याआधी कितीतरी शतकं लिहून ठेवलं होतं.

आणि खरोखर मालमत्ता मुलीकडं जाते असा समाज बघायचा असेल तर मेघालयातले खासी बघा. घर-जमीन धाकट्या मुलीला. तरी गावाचा दरबार परंपरेनं पुरुषांचाच.

पैठणकर

मग आमच्याकडं काहीच अभिमान वाटण्यासारखं नव्हतं म्हणायचं का?

शिलालेखवाला

असं कुठं म्हटलं? तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी बायकांना शिष्य करून घेतलं, विटाळ मानला नाही, महदंबेनं धवळे रचले. तुमच्या पैठणला त्यांना याबद्दल कुणी हार घातले नाहीत, एवढंच.

गंगथडी

मी गंगाखेडची, तेव्हा जनाबाईचं नाव कुणीतरी घेईल म्हणून वाट बघत होते. शेवटी मीच घेते. दळण, कांडण, शेण, पाणी ही सगळी कामं तिनं अभंगात आणली. ती कामं आमच्या आज्जीपर्यंत तश्शीच होती. सातशे वर्षं! बदललं कधी? गावात इंजनाची पिठाची गिरणी आली तेव्हा.

आता गंमत बघा. जात्यावर दळायची ती बाई, फुकट. गिरणी आली तसा दळणारा झाला गडी, आणि दळणाला पैसे पडायला लागले. पाण्याचंही तसंच. दोन कोसावरून घागरी आणायची ती बाई, टँकरचा ड्रायव्हर मात्र गडी, त्याला पगार. घरचा सैपाक बाईचा, पंगतीचा आचारी पुरुष. कामाला दाम लागला की त्याचं लिंग बदलतं बाई आपल्याकडं!

(जातं गेलं याचं मला मुळीच दुःख नाही. ओव्या गोड होत्या हे ज्यांनी कधी दळलं नाही तेच जास्त सांगतात.)

रोखठोक

ताई-माई सगळ्यांचा मान ठेवून बोलतो. नांगर ओढायला, मोट हाकायला ताकद लागते. लेकुरवाळ्या बाईला ते जमणार नव्हतं. म्हणून वाटणी झाली. यात कट-कारस्थान काय? जगभर असंच झालं.

मांजराकाठ

रोखठोक भाऊ, तुम्ही म्हणता ती मांडणी अर्थशास्त्रात आहे. एस्टर बोझरूप नावाच्या डॅनिश बाईंनी १९७० मध्ये ती केली. जिथं कुदळ-खुरप्यानं फिरती शेती होती, आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी, तिथं शेती बायकांची राहिली. जिथं नांगर आणि बैल आले तिथं शेत पुरुषाचं झालं आणि बाई उंबऱ्याच्या आत गेली. पुढं २०१३ मध्ये तिघा अर्थतज्ज्ञांनी जगभरची आकडेवारी तपासून दाखवलं की ज्यांचे पूर्वज नांगरट करत त्या समाजांत आजही बायका कामावर कमी आणि बाईनं घरी बसावं ही समजूत जास्त. म्हणजे अवजार गेलं तरी समजूत मागं उरते.

पण भाऊ, ही मांडणी आपल्या काळ्या रानात अडखळते. आपल्याकडं औत हजारो वर्षांचं, तरी बाई शेताबाहेर गेली कधी? आमच्या लातूरकडं तिफण हाकायला गडी, आणि मागं मोघण धरून तूर सोडायला बाई. वखर-कोळपं गड्याचं, खुरपणं बाईचं, कापूस वेचणं बाईचं, ज्वारीची कणसं खुडणं बाईचं. कोरडवाहू पिकात औत चालतं वर्षातले थोडे दिवस, खुरपं चालतं महिनोन्‌महिने. मोजून बघा कुणाचे तास जास्त भरतात. तरीही 'शेतकरी' म्हटलं की डोळ्यापुढं येतो तो नांगरधारी. आणि रोज विचाराल तर बाईचा रोज गड्याच्या रोजाच्या निम्म्याहून जरा वर. कारण काय, तर बाईचं काम हलकं. दिवसभर ओणवं राहून खुरपून दाखवा एकदा!

दुसरी गोष्ट, बियाणं. ज्वारीचं चांगलं कणीस निवडायचं, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून जपायचं, हे बायकांच्या ताब्यात होतं. पुढच्या वर्षी काय पेरायचं यात तिचं चालायचं, कारण बी तिच्याजवळ. मग सोयाबीन आलं. मी सोयाबीनला नावं ठेवणार नाही, लातूरच्या बाजारानं त्यावरच घरं बांधली. पण बी पिशवीतून यायला लागलं, पिशवी दुकानातून, दुकानातली उधारी गड्याच्या नावावर. ज्वारीच्या सुगीत बाईला धान्यात मजुरी मिळायची, ती थेट चुलीपर्यंत जायची. सोयाबीन काही घरी शिजवून खात नाहीत. काढणी गुत्त्यावर गेली, खुरपणीच्या जागी तणनाशक आलं. पंप पाठीवर कोण घेतो? गडी. असा कुणाचा कट नसताना बाईचा हात शेतातून सुटत चाललाय.

उंबरठा

मांजराकाठ दादांनी पीक सांगितलं, पण जात राहिली. 'बाई शेताबाहेर गेली कधी' असं सरसकट म्हणता येणार नाही. देशमुख-पाटलांच्या वाड्यातली बाई शेतात जात नव्हती. जाणं कमीपणाचं होतं. तिला पडद्यात ठेवता येणं ही त्या घराची ऐपत होती. तिच्या वाटचं शेण, पाणी, खुरपणी महार-मांगांच्या, कुणब्यांच्या बायका करत. सालगडी पाडव्याला ठरायचा एकटा, पण त्याची बायको वाड्यावर झाडलोट करायला धरलेलीच असायची, वेगळा दाम नाही. म्हणजे बालाघाटची ताई सांगतात तो हिशेब कारखान्यानं नव्यानं काढलेला नाही, वाड्यावर तो आधीपासून चालू होता.

आणि लग्नाचं बघा. आपल्याकडच्या बहुतेक कष्टकरी जातींत पूर्वी देज होतं, मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायचं. कारण राबणारे दोन हात त्या घरातून या घरात येत. विधवेचा पाट लागायचा, मोहतूर व्हायचं, सोडचिठ्ठी व्हायची. ब्राह्मणांत आणि वरच्या घराण्यांत हे काहीच नव्हतं. मग विसाव्या शतकात जमीन, बागायत, नोकरी असं एकेक हाताला लागलं तसं आपल्या लोकांनी काय उचललं? वरच्यांची रीत. पाट बंद, देज बंद, हुंडा सुरू. समाजशास्त्रज्ञ श्रीनिवासांनी संस्कृतीकरण म्हटलं ते हेच, पण त्याचे पैसे पोरींनी भरले. बीडच्या ८०७ चं कोडं मला इथं थोडं सुटताना दिसतं. बाई राबते तेवढीच, कदाचित जास्त. पण तिच्या राबण्याची किंमत आधी बापाच्या हातात ठेवली जायची (ती तिच्या हातात कधीच नव्हती, हेही लक्षात ठेवा), आता उलट बापालाच मोजावी लागते. लेक वाढवणं घाट्याचं झालं.

पैठणकर

आणि एवढं करून घरोघर आई भवानीच आहे.

उंबरठा

आहे ना. तुळजापूरला देवी बाई, पुजारी भोपे पुरुष. मरीआईचा पोतराज तर केस वाढवून घागरा नेसतो, आसूड ओढून घेतो, आणि गाव त्याच्या पाया पडतं. पुरुषानं बाईचा वेश घेतला तर देवीचं वारं, बाईनं पुरुषाचा घेतला तर?

जुना हेडमास्तर

बाईनं पुरुषाचा वेश घेतल्याचं उदाहरण आमच्या जालना जिल्ह्यातलंच देतो. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके. हैदराबाद मुक्तिसंग्रामात पुरुषी वेशात घोड्यावरून फिरायच्या, क्रांतिकारकांना निरोप, हत्यारं पोचवायच्या. भूमकडच्या ईटला गोदावरीबाई टेंबे रझाकारांशी लढता लढता गेल्या. त्या तेरा महिन्यांत कुणी म्हटलं नाही की बाईच्या जातीला हे शोभत नाही. १७ सप्टेंबर १९४८ नंतर सभा, सत्कार, कमिट्या सुरू झाल्या, तेव्हा व्यासपीठावर कोण बसलं ते जुने फोटो काढून बघा.

पण माझ्या डोळ्यांदेखतचा मोठा बदल १९७२ चा. त्या सालच्या दुष्काळात मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीवर बाया-गडी सगळेच गेले. ज्यांच्या घरातल्या बायका कधी बांधावर गेल्या नव्हत्या, अशी चांगली शेतकरी घरंही गेली. पोटापुढं पडदा टिकला नाही. आणि तिथं एक नवल घडलं. हजेरीच्या मस्टरवर प्रत्येकीचं वेगळं नाव. पगाराच्या दिवशी नाव पुकारायचे, बाई पुढं व्हायची, पैसे तिच्या हातात. पुढं रोजगार हमीचा कायदा १९७७ ला झाला, त्यात बाई-गड्याला दर सारखा. शेजारच्या रानात बाईला निम्मा रोज आणि सरकारी कामावर सारखा! बागायतदार चिडले ते उगीच नाही, त्यांच्या रानातल्या बायका रोज वाढवून मागायला लागल्या. माझ्या आईनं त्या पैशातून पहिल्यांदा काही घेतलं असेल तर ती पितळी घागर. वडलांना विचारलं नाही. तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता.

ताईंचा मुद्दा मला यातून उलट बाजूनं पटतो. काम तेच, माती उचलायचं. फक्त यादीत तिचं नाव स्वतंत्र आलं.

बालाघाटची

सर, तुमचं मस्टर आणि माझा कोयता शेजारी ठेवले की धागा इथंच संपवावा असं वाटतं. पण एक खुसपट काढते. आताच्या रोजगार हमीत मजुरी ज्याची त्याच्या खात्यात जाते हे बरं, पण कार्ड कुटुंबाचं आणि कामाचे दिवसही कुटुंबाचे. आशाताई, अंगणवाडीताई दिवसभर राबतात आणि त्यांना मिळतं मानधन, वेतन नाही. सरकारही मोजताना अधूनमधून सासरच्यासारखंच वागतं.

रोखठोक

बरं, बायकांचं झालं. आता गड्याचं बोला. उचल त्याच्या नावावर म्हणजे मुकादम येऊन गचांडी कुणाची धरतो? सोसायटीचं कर्ज, सावकाराचं कर्ज, पोरीच्या लग्नाचं कर्ज, सगळं त्याच्या डोक्यावर. मराठवाड्यात फास घेतलेल्यांत बहुतेक गडीच आहेत. 'कर्ता पुरुष' ही पदवी कुणी हौसेनं मागितली नव्हती. रडायची सोय नाही, बायकोला सांगायची सोय नाही. माझ्या चुलत्याचं हेच झालं, म्हणून बोलतोय.

गंगथडी

रोखठोक दादा, तुमच्या या बोलण्याला माझा पूर्ण दुजोरा. चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं.

मी एकल बायकांच्या बचत गटांत काम करते, तर त्याची पुढची गोष्ट सांगते. गडी जातो, बाई राहते. सावकाराला लगेच आठवतं की आता देणं हिचं. पण उताऱ्यावर नाव चढवायचं म्हटलं की सासरा म्हणतो थांब, दीर म्हणतो लेकरं मोठी होऊ दे. सरकारी मदत एक लाखाची. ती मिळायलाही जमीन त्याच्या नाहीतर कुटुंबातल्या कुणाच्या नावावर आहे का ते तपासतात. आणि शेतात राबणाऱ्या बाईनंच जीव दिला तर? कागदावर ती बहुतेक वेळा गृहिणीच असते. ती शेतकऱ्यांच्या आकड्यात येतच नाही. तुमच्या चुलतीचं नाव लागलं का?

रोखठोक

नाही. आज्ज्याच्या नावावर आहे अजून सगळं. विषय काढला की घरात भांडण होतं. काय करता येतं कुणी सांगेल का? टोमणे नकोत.

फेरफार

टोमणे मारत नाही, तलाठी कार्यालयात हयात गेलीय माझी. दोन वेगळ्या वाटा आहेत, मिसळू नका.

पहिली, नवरा हयात असताना. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती, गावातल्या गड्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची. त्यातून १९९२ साली शासनाचं परिपत्रक निघालं. नवऱ्यानं अर्ज दिला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. आमच्याकडं असे अर्ज फार थोडे आले. बरेच जण म्हणायचे, कर्ज काढायला दोन सह्या लागतील, कटकट. हो, लागतात. विकायलाही लागतात. माझ्या अनुभवानं ज्या घरांत दोन सह्या लागल्या तिथं लग्नासाठी जमीन विकायचे व्यवहार बरेचदा अडले.

दुसरी वाट वारसाची, तुमच्या कामाची. तुमचे चुलते गेले तेव्हा जमीन आजोबांच्या नावावर होती. ती वडिलोपार्जित असेल तर चुलत्यांचा हिस्सा त्यांच्या पत्नी-मुलांचा आहे. आजोबांनी स्वतः घेतलेली असेल तर गणित वेगळं. म्हणून आधी जुने फेरफार काढून जमीन आली कशी ते बघा. आजोबा तयार असतील तर नोंदणीकृत वाटणीपत्र सगळ्यात बरं. तयार नसतील तर चुलतीला तालुका विधी सेवा समितीकडं न्या, तिथं बायकांना वकील फुकट मिळतो.

आणि घरात आत्या असतील तर त्यांना विसरू नका. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मापासूनचा ठरवला, २००५ ला बाप जिवंत होता की नव्हता याचा संबंध ठेवला नाही. तरी माझ्यापुढं आलेल्या कितीतरी बहिणींनी हक्कसोडावर सह्याच केल्या. का, तर दिवाळीला माहेरचं दार उघडं राहावं म्हणून.

रोखठोक

जमीन पणज्याच्या काळापासूनची आहे. आत्या दोन आहेत, दोघींनी हक्कसोड करून दिलंय, मी साक्षीदार होतो. चुलतीला विचारतो आधी, तिला काय पाहिजे ते. आजवर कुणी विचारलेलं नाही.

फेरफार

विचारा. आणि जाताना आजोबांचा आठ-अ (जमिनीच्या खात्याचा उतारा) आणि चुलत्यांचा मृत्यूचा दाखला सोबत ठेवा, नाहीतर दुसरी चक्कर पडेल.